गिअरबॉक्सही गाडीचाच असतो

पन्नास वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी देणारा नियम केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने १५ जुलै २०२१ रोजी अधिसूचित केला. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये आणि मुदत ५ वर्षे, क्रमांकात राज्याच्या अक्षरांपाठोपाठ ‘व्हीए’, अशी ही व्यवस्था आहे. गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी, तिच्यात मोठा फेरफार झालेला नसावा, ही तिची मुख्य अट. मोठा फेरफार कशाला म्हणायचे, हेही नियम सांगतो : चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत केलेला बदल. या यादीत गिअरबॉक्सचे नाव नाही. साध्या क्लच-गिअरच्या गाडीत ही उणीव फारशी जाणवत नाही, कारण तिचा गिअरबॉक्स बिघडला तर त्याच जातीचा दुसरा शोधून बसवला जाई. जी गाडी कारखान्यातूनच ऑटोमॅटिक म्हणून बाहेर पडली, तिच्या बाबतीत मात्र ही उणीव महागात पडते. आपल्याकडच्या अशा कित्येक गाड्यांमधला मूळ गिअरबॉक्स केव्हाच निघाला आहे आणि त्या जागी जीपचा, टेम्पोचा, नाहीतर हाती लागेल तो गिअरबॉक्स बसला आहे. अशा गाडीत तिचा मूळ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स परत बसवणे हा श्रीमंतांचा हट्ट नाही, ती गाडी जपण्याच्या कामातली निम्म्याहून मोठी गोष्ट आहे. नियमाने ती मानली पाहिजे, आणि हे काम करण्याची ताकद मुंबई-पुण्याबाहेर, कोपरगावसारख्या तालुक्याच्या गावातही आहे, असे माझे ठाम मत आहे.

मूळ गिअरबॉक्स निघाले त्याचा दोष कुणा मालकाला किंवा मिस्त्रीला देता येणार नाही. जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक गिअरबॉक्स १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांबरोबर बाजारात आला, शेव्हरलेचा पॉवरग्लाइड १९५० मध्ये आला, आणि ते दशक सरेपर्यंत अमेरिकेतल्या मोठ्या गाडीत क्लचचे पेडल नसणे ही नेहमीची गोष्ट झाली. नेमक्या त्याच काळात आपले दरवाजे बंद होत होते. मुंबईत जनरल मोटर्स १९२८ पासून गाड्या जोडत होती, फोर्डचीही जुळणी होती, आणि वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४७ पासून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो तयार करत होती. १९५३ च्या टॅरिफ कमिशनने नुसत्या जुळणीला पाठबळ द्यायचे नाही, देशात प्रत्यक्ष उत्पादन करणाऱ्यांनाच वाव द्यायचा, अशी भूमिका घेतली. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सने मुंबईतला पसारा आवरला. त्यानंतर परदेशी गाडी आली ती वकिलातींतून, परदेशातून परतणाऱ्यांबरोबर, किंवा स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनने विकायला काढलेल्या गाड्यांतून. गाडी आली, पण तिच्यामागे ना डीलर आला, ना सुटे भाग, ना ऑटोमॅटिकचे ते लाल ऑइल. एखादे ऑइल सील गेले की गिअरबॉक्स उतरवून कोपऱ्यात ठेवायचा आणि मिळेल तो साधा गिअरबॉक्स बसवून गाडी चालती करायची, एवढाच मार्ग उरला. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना, तेव्हा मोठ्या अमेरिकन गाड्यांची इंजिने काढून डिझेलची बसवली गेली. अमेरिकन व्ही-८ साठी बेतलेल्या ऑटोमॅटिकला डिझेल इंजिनाशी जोडायची सोय नव्हती. इंजिन गेले त्या दिवशी धडधाकट गिअरबॉक्सही गेला.

अशा गाडीत वाकून पाहिले की त्या बदलाची खरी किंमत कळते. १९६० च्या आसपासची शेव्हरले इम्पाला घ्या. स्टेअरिंगच्या खांबावरची दांडी जागेवर असते, पण ती कशालाच जोडलेली नसते, आणि पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह दाखवणारी खूण एका अक्षरावर कायमची अडकलेली असते. पायाखालचा पत्रा कापून जीपची लांब दांडी वर काढलेली असते. ती मागेपुढे हलावी म्हणून पुढचे सलग सीट मधोमध खाचलेले असते. ऑटोमॅटिक गाडीचे ब्रेकचे पेडल रुंद असते, ते कापून अरुंद केलेले आणि शेजारी क्लचचे पेडल वेल्ड केलेले. गाडीखाली गेले तर प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा जोडलेला, त्यामुळे ठरावीक वेगाला सगळी गाडी थरथरते. त्या काळच्या इम्पालाची चासी इंग्रजी ‘एक्स’ अक्षरासारखी, मध्ये चिंचोळी. त्या मधल्या भागात नवा गिअरबॉक्स मावेना म्हणून मूळ आधार कापून अँगलचा तुकडा वेल्ड केलेला असतो. रेडिएटरच्या खालच्या टाकीत ऑटोमॅटिकचे ऑइल थंड करणाऱ्या नळ्या जातात, त्यांची तोंडे बोल्ट ठोकून बंद केलेली असतात. नियम ज्या चासीला आणि बॉडीला संरक्षण देऊ पाहतो, त्या दोन्हींवर कापाकापी झाली ती गिअरबॉक्सपायीच. म्हणजे गिअरबॉक्सला यादीबाहेर ठेवून चासी आणि बॉडी जपता येत नाही. तपासणारा अधिकारी चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक ताडून पाहील, पण ते दोन्ही जुळले तरी गाडी मूळ स्वरूपात असेलच असे नाही.

कुणी म्हणेल, गिअरबॉक्स शेवटी गाडीखाली असतो, पाहणाऱ्याला रंग, क्रोम आणि आकार दिसतो, तेवढे जपले तर काय बिघडले? अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये १९९४ पासून रणगाडे उभे आहेत, आणि ते उभेच राहायचे असल्यामुळे त्यांच्या पोटातल्या यंत्रांची चिंता कुणी करत नाही, हे खरे. पण व्हिंटेज नोंदणीची गाडी रॅलीत चालते, आणि ती कशी चालते हाच तिच्यात पाहण्यासारखा भाग असतो. ऑटोमॅटिक गाडी नुसती क्लच नसलेली गाडी नसते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तिथे घट्ट जोड नसतो, टॉर्क कन्व्हर्टर असतो : ऑइलने भरलेल्या बंद डब्यात समोरासमोर ठेवलेले दोन पंखे, एक इंजिनाने फिरणारा आणि दुसरा त्याने ढकललेल्या ऑइलने फिरणारा. मधले तिसरे पाते परतणाऱ्या ऑइलला वळण देऊन सुरुवातीच्या वेळी ताकद वाढवते. त्यामागे प्लॅनेटरी गिअर, त्यांना धरणारे-सोडणारे पट्टे आणि क्लच, आणि त्या सगळ्यांना हुकूम देणारी व्हॉल्व्ह बॉडी, जी विजेशिवाय, केवळ ऑइलच्या दाबावर ‘आता गिअर बदल’ हे ठरवते. संगणक गाडीत येण्याच्या कितीतरी आधी माणसाने धातू आणि ऑइल वापरून केलेला हा निर्णय आहे, आणि मला तो त्या गाडीच्या शेपटीच्या पंखांपेक्षा मोठा वारसा वाटतो. पॉवरग्लाइडला पुढचे गिअर दोनच होते. मग इंजिनाचा जोर, कार्बोरेटरची जोडणी, डिफरन्शिअलचे गुणोत्तर हे सगळे त्या दोन गिअरांना धरून बेतलेले असे. त्या जागी चार गिअरांचा जीपचा डबा बसवला की गाडी धावते, पण तिची चाल तिची राहत नाही.

याहून गंभीर उदाहरण रोल्स-रॉइसचे आहे. सिल्व्हर क्लाउड ही १९५५ ते १९६६ या काळातली गाडी, आणि तिच्यात जनरल मोटर्सच्या परवान्याने बनवलेला चार गिअरांचा हायड्रामॅटिक असे. या गाडीच्या ब्रेकला ताकद देणारा यांत्रिक सर्व्हो गिअरबॉक्सच्या कुशीला बसवलेला असतो आणि त्याला फिरवतो तो गिअरबॉक्सच. तिथे दुसरा गिअरबॉक्स बसवणारा माणूस नकळत ब्रेकची मदतही काढून टाकतो. दोन टनांच्या गाडीत मग ब्रेकसाठी काहीतरी दुसरी जोडणी करावी लागते. जुन्या गाडीत कोणता भाग कशाशी बांधलेला आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून मूळ मांडणीला हात लावताना सबळ कारण लागते आणि ती परत आणताना लागत नाही, एवढे या उदाहरणावरून मान्य व्हायला हरकत नसावी.

बदल करताना कारणे सबळ होती, हे वर आलेच आहे. गाडी रोज लागत होती, पेट्रोल महाग होते, सुटे भाग नव्हते. आज यातले पहिले कारण कायद्यानेच संपवले आहे. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती, एवढ्याचसाठी ती बाहेर पडू शकते. वर्षातून मोजके दिवस आणि मोजके अंतर चालणाऱ्या गाडीने लिटरमागे किती किलोमीटर दिले, याला काही अर्थ उरत नाही. रोज शिर्डी-कोपरगाव करायचे असेल तर त्यासाठी दुसरी गाडी आहेच. ज्या सोयीसाठी गाडीची मोडतोड झाली ती सोय आता मालकाला घेताच येत नाही. मग ती मोडतोड तशीच का ठेवायची?

याला एक उत्तर आहे आणि माझ्या मते तेच या वादातले सर्वांत जड उत्तर आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिव्हाने, २०१२ मध्ये ट्युरिन चार्टर स्वीकारला. ऐतिहासिक इमारतींच्या जतनाची तत्त्वे त्याने वाहनांना लावली. गाडी नियमित सेवेत असताना तिच्यात झालेले बदल हेही तिच्या इतिहासाचे साक्षीदार आहेत, ते जपावेत, आणि प्रत्येक गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसासारखी करण्याची गरज नाही, असे तो सांगतो. या न्यायाने पाहिले तर इम्पालातला जीपचा गिअरबॉक्स हा आपल्या टंचाईच्या काळाचा, परवान्यांच्या राज्याचा, आणि काही हाती नसताना गाडी चालती ठेवणाऱ्या मिस्त्रींच्या अकलेचा पुरावा ठरतो. तो काढून टाकणे म्हणजे अमेरिकेचा इतिहास परत आणताना आपला पुसणे नव्हे काय? हा आक्षेप मी हलका मानत नाही. एखाद्या गाडीत असा बदल एकदाच, विचारपूर्वक, नीट कामाने झाला असेल, त्याच्या पावत्या, नोंदी, छायाचित्रे हाती असतील, आणि ती गाडी त्याच रूपात तीस-चाळीस वर्षे एखाद्या घराने वापरली असेल, तर ती तशीच ठेवावी. तिथे मूळ गिअरबॉक्सचा आग्रह मीही धरणार नाही.

पण असा नीटस, नोंद असलेला बदल दुर्मीळ आहे. सहसा आढळते ते वेगळेच. एक गिअरबॉक्स बसला, तो दोन वर्षांत गेला, मग दुसऱ्या गाडीचा आला, पुढे इंजिन बदलल्यावर तिसरा, आणि प्रत्येक वेळी चासीवर नवा तुकडा वेल्ड झाला. यातला कोणता टप्पा साक्षीदार म्हणून जपायचा? कोणता कधी झाला हेच सांगता येत नाही, तर त्याची साक्ष कशाची? दुसरे असे की पुराव्याचे वजन तो किती दुर्मीळ आहे यावरही ठरते. साधा गिअरबॉक्स ठोकून बसवलेल्या परदेशी गाड्यांचा आपल्याकडे तोटा नाही, कमी आहेत त्या मूळ ऑटोमॅटिकवर चालणाऱ्या. आणि परत बसवण्याने आधीचा बदल नाहीसा व्हायलाच हवा असेही नाही. काढलेला गिअरबॉक्स चिठ्ठी बांधून गाडीबरोबर ठेवता येतो, कापलेल्या आधाराची मापे आणि छायाचित्रे घेता येतात, ज्या मिस्त्रीने तो बदल केला त्याचे नाव ठाऊक असेल तर तेही फाइलमध्ये लिहिता येते. ट्युरिन चार्टरचा सगळा रोख कामाच्या नोंदीवर आणि परत फिरवता येईल अशाच फेरफारावर आहे. मूळ गिअरबॉक्स परत बसवताना नवे भोक पडत नाही, जुनी कापाकापी दुरुस्त होते. चार्टरच्या कसोटीवर हे काम उतरते.

मात्र ‘मूळ’ ठरवताना पुस्तकावर विसंबून चालत नाही, कागद त्या गाडीचा पाहावा लागतो. १२ ऑगस्ट १९५३ रोजी मिशिगनमधल्या लिव्होनिया इथला हायड्रामॅटिकचा कारखाना आगीत भस्मसात झाला. गाड्यांचे उत्पादन अडू नये म्हणून जनरल मोटर्सने काही काळ कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिलमध्ये ब्यूइकचा डायनाफ्लो आणि पॉन्टिअ‍ॅकमध्ये शेव्हरलेचा पॉवरग्लाइड बसवून गाड्या बाहेर काढल्या. त्या महिन्यांतल्या कॅडिलॅकमध्ये आज कुणी पुस्तक वाचून हायड्रामॅटिक बसवला तर तो चुकेल, तिचा मूळ गिअरबॉक्स डायनाफ्लोच. याच न्यायाने कुर्ल्याच्या फियाटमध्ये किंवा साध्या गिअरच्या डॉजमध्ये सोयीसाठी ऑटोमॅटिक बसवणे तितकेच गैर. दोन गिअरांचा पॉवरग्लाइड मंद वाटतो म्हणून त्या जागी तीन गिअरांचा टर्बो हायड्रामॅटिक ३५० बसवण्याची चाल अमेरिकेत आहे. तो १९६९ सालचा, तेव्हा १९६० च्या गाडीत बसवून तिला मूळ म्हणणे खोटे ठरेल. माझ्या मते गाडीचा स्वतःचा गिअरबॉक्स पहिला, तो नसेल तर त्याच सालांतला त्याच जातीचा दुसरा, आणि यापलीकडचे काहीही असेल तर ते उघडपणे लिहावे. झिजणाऱ्या वस्तूंना मात्र हा कडकपणा लावू नये. सील, क्लचच्या चकत्या, पट्ट्यांचे अस्तर, ऑइल हे नवेच लागणार. जुन्या ऑटोमॅटिक ऑइलमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचे तेल मिसळत. ते परत आणावे असे कुणीही म्हणणार नाही, आणि आजच्या ऑइलने गाडीचे मूळपण तिळभरही कमी होत नाही.

‘हे काम आपल्याकडे करणार कोण?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि तो विचारणाऱ्यांच्या मनात मुंबईचे एखादे महागडे वर्कशॉप असते. मला वाटते त्यांनी कोपरगावच्या आसपास नीट पाहिलेले नाही. तालुक्यात माती उपसणारे, शेततळी खोदणारे जेसीबी आहेत. बॅकहो लोडरच्या पोटात टॉर्क कन्व्हर्टर असतो, आणि पुढे-मागे जाण्यासाठी ऑइलच्या दाबाने दबणाऱ्या क्लचच्या चकत्या असतात. तो कन्व्हर्टर उतरवणारा, दाब मोजणारा, चकत्या बदलणारा मिस्त्री रोज तेच तत्त्व हाताळतो ज्यावर पॉवरग्लाइड चालतो. कोळपेवाडीचा कर्मवीर शंकरराव काळे कारखाना, सहजानंदनगरचा सहकारमहर्षी शंकरराव कोल्हे कारखाना आणि सोमय्यांची साकरवाडी यांनी या तालुक्यात फिटर, टर्नर, वेल्डर यांच्या पिढ्या घडवल्या. गाळप हंगाम संपला की मिलचे गिअर उघडून, झीज मोजून, पुन्हा जोडण्याचे काम साखर कारखान्यात दरवर्षी होते, आणि उसाच्या मिलला प्लॅनेटरी गिअरबॉक्स लावण्याची पद्धतही आता राज्यात नवी नाही. ऊस तोडणी यंत्रांनी हायड्रॉलिक पंप शेतापर्यंत आणला. जिल्ह्याचा वारसाही या बाजूने बोलतो : नगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये लुना आणली आणि गिअर न बदलता चालणारे वाहन घराघरांत नेले. कोपरगावातच संजीवनीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना जुन्या ऑटोमॅटिकची व्हॉल्व्ह बॉडी उघडून तिच्या मार्गांचा नकाशा काढायला दिला, तर हायड्रॉलिक्सचा याहून चांगला धडा पुस्तकात सापडणार नाही.

ताकद आहे, सवय मात्र बदलावी लागेल, आणि हे स्पष्ट बोलणे भाग आहे. आपल्या गॅरेजमध्ये सगळे काही कॉटन वेस्टने पुसले जाते. ऑटोमॅटिकच्या व्हॉल्व्ह बॉडीत त्याचा एक तंतू राहिला तरी व्हॉल्व्ह अडकतो आणि गिअर पडत नाही. तिथे धागा न सुटणारे कापड, स्वच्छ टेबल आणि वाऱ्याबरोबर उडणाऱ्या बगॅसच्या भुशापासून दूर अशी बंद खोली हवी. क्लचचा पिस्टन बसवल्यावर त्याच्या मार्गात कॉम्प्रेसरची हवा सोडून ‘थप’ असा दबका आवाज येतो का, हे पाहावे लागते. नुसती फुसफुस आली तर सील दुमडले आहे, तेव्हाच पुन्हा उघडायचे. सर्वांत महागडी चूक अखेरीस होते. कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या पंपावर टप्प्याटप्प्याने आत सरकून पूर्ण बसावा लागतो. तो वरवर बसलेला असताना बोल्ट आवळून इंजिन आणि गिअरबॉक्स जवळ ओढले की पंप फुटतो, आणि सगळे काम पाण्यात जाते. हे कुणी दाखवून दिले की फिटरला एकदाच सांगावे लागते. कौशल्याची कमतरता आणि माहितीची कमतरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी भरून काढणे सोपे आहे, कारण त्या काळचे कारखान्यांचे दुरुस्ती-ग्रंथ आजही मिळतात.

सुट्या भागांची अडचण वाटते तेवढी राहिलेली नाही. पॉवरग्लाइड साधा आणि दणकट असल्यामुळे अमेरिकेत सरळ रेषेतल्या शर्यतींच्या गाड्यांत तो आजही वापरला जातो, त्यामुळे १९७३ मध्ये उत्पादन थांबलेल्या या गिअरबॉक्सच्या चकत्या, सील, पट्टे नवे बनत राहिले आहेत. त्यातही बीडाच्या जुन्या पॉवरग्लाइडचे आणि १९६२ पासूनच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पॉवरग्लाइडचे भाग वेगळे, ते पाहूनच मागवावेत. हायड्रामॅटिक जास्त गुंतागुंतीचा आणि त्याचे काम महाग, हेही मान्य. खर्चाचा मुद्दा निघाला की आणखी एक गोष्ट बोलली जाते : ज्या तालुक्यात शहराला पाणी किती दिवसांनी येणार याची चर्चा घरोघरी होते, तिथे हौशी लोकांच्या गाड्यांचे कौतुक कशाला? या प्रश्नामागची कळकळ खरी आहे. पण इथे सरकारी तिजोरीतून एक रुपयाही मागितलेला नाही. मागणी आहे ती नियमातल्या एका शब्दाची. आणि मालकाचा पैसा रंग, क्रोम आणि चामड्याच्या सीटवर जाण्याऐवजी लेथवर, फिटरच्या हातावर आणि शिकाऊ मुलावर खर्च झाला, तर तो गावात राहतो.

ऑटोमॅटिक रस्त्यात दगा देतो, बॅटरी उतरली की धक्काही देता येत नाही, अशी भीती जुन्या चालकांना असते. आजच्या गाडीपुरती ती खरी आहे. पण १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या पॉवरग्लाइडसारख्या अनेक गिअरबॉक्सना मागच्या बाजूला दुसरा पंप असे, जो चाके फिरली की ऑइलचा दाब तयार करतो. अशी गाडी ढकलून पुरेसा वेग आला की चालू होते, आणि तशी सूचना त्या काळच्या वापरपुस्तिकेत असे. उन्हाळ्यातल्या नगर-मनमाड रस्त्यावर खरा धोका आहे तो ऑइल तापण्याचा. त्यावर रेडिएटरमधल्या मूळ नळ्या मोकळ्या करणे आणि ऑइल गरम असताना, इंजिन चालू ठेवून, पातळी पाहणे हे उपाय आहेत. ऑइल तपकिरी पडून करपल्याचा वास आला तर थांबायचे. गिअरबॉक्स कुरकुरण्याआधी खूप दिवस ऑइल बोलत असते.

राहिला नियम. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करायला मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे वाचले. पण नोंदणी पुस्तकात गिअरबॉक्सचा रकाना नसल्यामुळे मूळ गिअरबॉक्स काढला काय आणि परत बसवला काय, दोन्हींची दखल कुठेच नाही. ज्याने भंगारातला डबा ठोकला आणि ज्याने दोन वर्षे खपून मूळ गिअरबॉक्स जोडला, ते दोघे कागदावर सारखेच. हे बदलायला फार काही लागत नाही. २०२१ च्या नियमात राज्यांनी समिती नेमून प्रत्येक गाडीची तपासणी करायची तरतूद आहेच. त्या तपासणीत गिअरबॉक्सची जात, त्यावरचे ओतीव आणि ठोकलेले क्रमांक, आणि तो कारखान्याचा, त्याच जातीचा की वेगळा, एवढे लिहिले जावे. वेगळा असेल तर गाडी लगेच बाद करू नये, फक्त नोंद व्हावी. नाहीतर मालक बदल लपवू लागतील आणि सगळ्या खटाटोपाचा उद्देशच हरवेल. मूळ गिअरबॉक्स परत बसवताना चासीचा कापलेला आधार पूर्ववत करावा लागला, तर ते काम ‘मोठा फेरफार’ या व्याख्येत मोडत नाही, असा स्पष्ट खुलासाही हवा. आजच्या शब्दरचनेत एखादा काटेकोर अधिकारी दुरुस्तीलाच फेरफार समजू शकतो, आणि प्रामाणिक मालक त्या भीतीने मागे सरतो.

खुलासा येईल तेव्हा येईल. ज्यांच्या गोदामात, वाड्याच्या पडवीत किंवा गॅरेजच्या माळ्यावर असा उतरवलेला गिअरबॉक्स पडून आहे, त्यांनी तो वजनावर देऊ नये. सगळी उघडी तोंडे बंद करावीत, आत नवे ऑइल भरून ठेवावे, ओल्या फरशीवरून उचलून लाकडी ओंडक्यांवर ठेवावा. कन्व्हर्टर, ऑइलच्या नळ्या, कार्बोरेटरपासून येणारा रॉड आणि खांबावरच्या दांडीची जोडणी असे सुटे तुकडे त्याच्याबरोबरच, एका पोत्यात, गाडीचा क्रमांक लिहून ठेवावेत. पुढे गिअरबॉक्स एकवेळ दुसरीकडून मिळतो, हे छोटे तुकडे मिळत नाहीत.